उन्हाळ्यात उघडणारी नदी

पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या कुंडावर उन्हाळ्यात जायचं, तर सकाळी सातच्या आत पोहोचावं. तेव्हा काळ्या खडकाने रात्रीचा गारवा धरून ठेवलेला असतो. मुलं अनवाणी हुंदडतात, आजी सावकाश पाय टाकते, कुणालाच घाई नसते. नऊला दगड कोमट होतो. अकराला त्यावर पाय ठरत नाही. मळगंगेच्या देवळापाशी नारळ-ओटीचं सामान विकणाऱ्या बाई पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "सकाळच्या पारी आलात ते बरं केलं. उन्हं चढली की माणसं येत्यात, दोन फोटू काढत्यात आन गाडीत जाऊन बसत्यात. त्यांना काय दिसणार?"

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची माणसं एक तर वर चढतात, नाही तर खाली उतरतात. महाबळेश्वर, माथेरान किंवा मग कोकण. पारनेर, शिरूर किंवा जुन्नरच्या पूर्व अंगाला एप्रिल-मे महिन्यात सहलीला निघतो म्हटलं, तर घरातलेच आधी नाकं मुरडतात. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माळ उघडा, सावली विरळ. तिथं उन्हात बघायचं काय?

दगड बघायचा. आणि दगडावर पाण्याने केलेलं काम बघायचं. सह्याद्री पावसाळ्यात पाहावा, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पठार मात्र उन्हाळ्यात पाहावं, असं माझं ठाम मत आहे, कारण नदीचं पाणी उतरतं तेव्हाच तिचं पात्र वाचता येतं. हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असेल, नदी भरलेली असेल. दिवाळीच्या सुट्टीत निघोजला गेलात, तर जे पाहायचं त्यातलं बरंचसं पाण्याखाली असेल. वरच्या कडा दिसतील, आतलं कोरीवकाम दिसणार नाही. म्हणून हा लेख आत्ता वाचून चैत्र-वैशाखापर्यंत सांभाळून ठेवा.

या सहलीची मुख्य पात्र कुकडी नदी आहे. जुन्नरच्या पश्चिमेला, चावंड किल्ल्याच्या परिसरात, पूर नावाच्या गावी कुकडेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. तिथं ती उगम पावते. तो घाटमाथ्याचा भाग. तिथं पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ती पूर्वेकडे निघते, माणिकडोह आणि येडगावच्या धरणांतून जाते, हळूहळू कोरड्या मुलखात शिरते. पुढे तिच्या एका काठावर पुणे जिल्ह्याचा शिरूर तालुका येतो आणि दुसऱ्या काठावर अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, पारनेर तालुका. शेवटी ती घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला.

निघोजला उभं राहून हा नकाशा डोळ्यांपुढे आणला, की कोड्याचं उत्तर मिळतं. एवढ्या कमी पावसाच्या गावात एवढा अवाढव्य दगड कोरला कुणी? निघोजच्या पावसाने नव्हे. तो घाटमाथ्याच्या पावसाने कोरला. धरणं होण्याआधी, हजारो वर्षं, तिकडचा आषाढ-श्रावण इथल्या खडकावर येऊन आदळत होता. दुष्काळी गावाच्या उंबऱ्यावर पाण्याचं सगळ्यांत मोठं काम उभं आहे, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने हलवते.

आता कुंड. आपण निघोज गावातून येतो किंवा पलीकडच्या टाकळी हाजीच्या बाजूने येतो. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरं आहेत आणि मधली घळ ओलांडायला झुलता पूल आहे. पुलापर्यंत येईतो नदीचं पात्र साधंच वाटतं, रुंद, पसरट, काळ्या कातळाचं. मग एकदम जमीन दुभंगल्यासारखी दिसते. आत अरुंद, खोल, वळणावळणाची घळ, आणि तिच्या दोन्ही भिंती सरळ नाहीत. त्या गोलाव्यांनी बनल्या आहेत. एकावर एक, एकात एक, अर्धे फुटलेले, पूर्ण राहिलेले, आतून पोखरून पलीकडे निघालेले गोल. यांनाच रांजणखळगे म्हणतात.

माझी भाची अकरा वर्षांची. तिने काठावरच एक छोटा खळगा शोधला. पाटीएवढ्या तोंडाचा, कोरडा, तिच्या कोपरापर्यंत खोल. असे लहान खळगे मुख्य घळीपासून दूर, सपाट कातळावर सापडतात आणि मुलांना समजावायला तेच सगळ्यांत चांगले. तिला हात घालून आतली भिंत चाचपायला सांगितली. वरची कड थोडी खडबडीत, पण आत बोट फिरवलं की दगड काचेसारखा गुळगुळीत. मध्ये एक हलकी आडवी खाच, थोडी तिरकी होत खाली गेलेली. तळ तोंडापेक्षा थोडा रुंद. तळाशी मुठभर वाळू आणि तीन-चार गोटे, त्यातला एक पांढुरक्या गारगोटीचा, अंड्यासारखा नितळ. तिने तो उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "मावशी, याने केलंय हे?"

यानेच केलंय. आणि याच्या आधीच्या असंख्य गोट्यांनी, जे आता झिजून वाळू झाले.

पूर आलेली नदी कातळावरून सरळ वाहत नाही. जिथं पात्र अरुंद होतं, जिथं उंचवटा किंवा भेग आडवी येते, तिथं पाणी स्वतःभोवती फिरतं, भोवरा होतो. कातळात आधीच एखादी बारीक खोलगट जागा असते. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली पोकळी असो वा दोन भेगा एकमेकींना छेदतात ती जागा. भोवऱ्याने आणलेले दगडगोटे तिथं अडकतात आणि पूर असेपर्यंत खलबत्त्यातल्या बत्त्यासारखे गरगर फिरत राहतात. गोटे झिजतात, कातळही झिजतो. पूर ओसरला की काम थांबतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होतं. खळगा खोल होतो, मग पोटात रुंद होतो. शेजारच्या खळग्याचंही तेच चाललेलं असतं. एके दिवशी दोघांमधली भिंत इतकी पातळ होते की तिला भोक पडतं. मग कमान राहते, मग कमानही पडते. असे खळगे ओळीने एकमेकांत मिसळत गेले की नदीला नवी, खोल वाट मिळते. म्हणजे पुलावरून दिसणारी ती अख्खी घळ रांजणखळग्यांनीच मिळून तयार केली आहे. हे लक्षात आलं की भिंतींवरचे अर्धगोल वेगळेच दिसू लागतात. प्रत्येक अर्धगोल ही एका जुन्या रांजणाची उरलेली बाजू असते.

ज्या दगडात हे झालं तो आपला काळवथर, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा थरांमागून थर बाहेर आला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली झाकला गेला. रायगड, अजिंठा, वेरूळ, आपल्या घराचा पाया, रस्त्याची खडी, सगळं त्याच एका दगडाचं. हा दगड भयंकर कठीण. म्हणून खळग्यांच्या कडा टिकल्या. मऊ दगड असता तर सगळं एकसारखं धुऊन गेलं असतं.

निघोजचे खळगे आशियात सर्वांत मोठे, असं इथं आवर्जून सांगितलं जातं. गावाला अभिमान वाटावा अशीच जागा आहे, पण हा क्रमांक ऐकून आलेली माणसं तोच तपासत राहतात. त्यापेक्षा एका खळग्यापाशी दहा मिनिटं बसावं. अशा डोहांबद्दल आपल्याकडे ठिकठिकाणी सांगतात की खाटांचे दोर जोडून सोडले तरी तळ लागत नाही. माझी आई हे लहानपणापासून ऐकत आलेली. घळीत वाकून पाहत ती मुलांना म्हणाली, "दोर सोडून बघायचं धाडस कुणी केलं नसणार, म्हणून तळ लागला नाही. पण पोरांनी काठाशी जाऊ नये, एवढं काम त्या गोष्टीने केलं."

ते काम आजही करायला हवं. जो गुळगुळीतपणा पाहायला आपण जातो, तोच जीवघेणा आहे. आत पडलेल्या माणसाला पकडायला कुठं कंगोरा नाही, पाय टेकायला पायरी नाही, भिंती आतून फुगीर. पाणी असलेल्या खळग्याच्या कडेला शेवाळ असतं. उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो आणि तो शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. धरणातून आवर्तन सुटतं. शेतीला, पाणीयोजनांना पाणी सोडलं की सकाळी कोरडं दिसलेलं पात्र दुपारी वाहतं होऊ शकतं. म्हणून गेल्याबरोबर देवळापाशी किंवा दुकानात विचारावं, "पाणी सुटलंय का वरून?" गावातल्यांना ते नेमकं ठाऊक असतं. पोहायला मुळीच उतरू नये, पाय बुडवायलाही नाही. मुलांचा हात सोडायचा तो फक्त वरच्या सपाट, कोरड्या कातळावर, घळीपासून लांब. इतकं पाळलं तर ही जागा म्हाताऱ्यांना आणि मुलांना सोपी आहे. चढ नाही, ट्रेक नाही, पायपीट थोडीच.

चैत्रात मळगंगेची यात्रा भरते. बारवेतून निघणाऱ्या घागरीच्या दर्शनाला लांबून माणसं येतात. गर्दीची हौस असेल तर त्या दिवसांत जावं, दगड पाहायचे असतील तर ते दिवस टाळावेत. दोन्ही एका फेरीत नीट होत नाही.

साडेआठ-नऊला कुंडावरून निघावं. न्याहारी बरोबर आणलेली बरी. आमच्याकडे दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. देवळाजवळच्या झाडाखाली बसून खाल्लं, पाणी भरून घेतलं आणि गाडी उत्तरेला कान्हूर पठाराच्या दिशेने, वडगाव दर्याकडे वळवली.

हा रस्ता सुंदर आहे असं सगळ्यांना वाटणार नाही. मला वाटतो. दोन्हीकडे नांगरून तापायला ठेवलेली रानं, मधूनच कांद्याची चाळ, बांधावर कडुलिंब. उन्हाळ्यात कडुलिंबाला नवी पालवी आणि बारीक पांढरा मोहोर, त्याचा वास खिडकीतून आत येतो. कुठं बहावा पिवळाधमक लटकलेला. एखाद्या चिंचेखाली मेंढरं डोकी खाली घालून एकमेकांच्या पोटाच्या सावलीत उभी. हा तालुका सेनापती बापटांचा, त्यांचा जन्म १८८० साली पारनेरला झाला. पाणी अडवण्याच्या कामामुळे देशभर नाव झालेलं राळेगण सिद्धीही याच तालुक्यात आहे. ज्या मुलखात थेंबाचा हिशोब ठेवावा लागतो तिथली माणसं पाण्याबद्दल किती बारकाईने बोलतात, ते कुठल्याही टपरीवर चहा घेताना कळतं.

वडगाव दर्या हे गाव पठारावर आहे, पण पाहण्याची जागा पठाराच्या पोटात आहे. सपाट माळावरून जाताना काही कल्पना येत नाही आणि मग एकदम दरी उघडते. पायऱ्या खाली उतरतात. आजींसाठी हाच दिवसभरातला सगळ्यांत कष्टाचा भाग. सावकाश उतरावं, मध्ये थांबावं, आणि परत हेच चढायचं आहे हे लक्षात ठेवून ऊन फार वर येण्याआधी आटोपावं. गुडघे दुखत असतील तर वरूनही दरी छान दिसते, पण खालची हवा वरून मिळत नाही.

खाली दर्याबाई आणि वेल्हाबाईचं देवस्थान आहे, कपारीत वसलेलं. उतरता उतरता अंगाला लागणारी हवा बदलते. वर माळावर लू वाहत असते आणि इथं ओलसर गारवा. झाडी दाट, कातळाच्या भेगांतून पाणी झिरपतं, भर उन्हाळ्यातही. हे पाणी पठाराने पावसाळ्यात पिऊन ठेवलेलं असतं. वरच्या थरांतल्या भेगांतून ते हळूहळू खाली येतं, न झिरपणारा थर लागला की आडवं वळतं आणि दरीच्या भिंतीतून बाहेर पडतं. असा पाझर जिथं बारमाही मिळाला, तिथं या मुलखाने देवीला बसवलं. पाण्याची जागा राखायला याहून चांगली व्यवस्था कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

पण इथलं खरं नवल कपारींच्या छताला आहे. छतातून खाली लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे दगडी स्तंभ. त्यांना लवणस्तंभ म्हणतात. आंध्रातल्या बोरा गुहा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथं मूळ दगडच चुन्याचा आहे. आपल्याकडे सगळा काळवथर. मग काळ्या दगडातून हे फिकट स्तंभ आले कुठून?

उत्तर इथल्या शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीत आहे. या भागात विहीर खणताना किंवा नांगरताना पांढऱ्या चुनखडीचे खडे निघतात. काळवथरात कॅल्शियम असलेली खनिजं असतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, खडक कुजवतं, त्यातलं कॅल्शियम विरघळवून बरोबर नेतं. तेच पाणी कपारीच्या छतातून बाहेर येतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो आणि विरघळलेला चुना मागे राहतो, प्रत्येक थेंबागणिक एक न दिसणारा थर. थेंब छताला जरा रेंगाळला तर वरून स्तंभ वाढतो, खाली पडून फुटला तर खालून. ही वाढ वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने मोजायची. भाच्याने, तो सात वर्षांचा, छताच्या टोकाला लोंबणारा एक थेंब पडेपर्यंत पाहायचं ठरवलं. तो थेंब फुगला, थरथरला, तसाच राहिला. पोरगं मान वर करून चिकाटीने उभं. शेवटी पडला तेव्हा सगळ्यांना ओरडून सांगण्यात आलं.

या स्तंभांना हात लावू नये. हे केवळ शिस्त म्हणून सांगत नाही. बोटांचा तेलकटपणा बसला की पाण्याचा थर नीट पसरत नाही आणि तिथली वाढ बिघडते. टोक मोडलं तर ते आपल्या हयातीत भरून येत नाही. अशी टोकं मोडलेली, काजळीने काळवंडलेली, कुंकवा-तेलाने माखलेली पाहिली की जीव हळहळतो. श्रद्धेला इथं भरपूर जागा आहे. तेल-कुंकू मूर्तीपाशी वाहावं आणि छताचा दगड छताला सोडून द्यावा, इतकंच मागणं आहे.

माकडं पुष्कळ आहेत. हातात पिशवी, खाऊ, पाण्याची बाटली उघडी ठेवली तर ती तुमची राहत नाही. त्यांना खायला घालूनच ती अशी धीट झाली आहेत, तेव्हा मुलांनी कितीही हट्ट केला तरी बिस्किटं देऊ नयेत.

अकरा-साडेअकरापर्यंत वर यावं आणि मग चार-साडेचारपर्यंत काहीही पाहू नये. उन्हाळी सहलीचा हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे आणि नेमका तोच मोडला जातो, कारण "आलोच आहोत तर" ही आपली सवय. मैदानी भागात पारा ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढला, की हवामान विभाग उष्णतेची लाट म्हणतो. पण ते सावलीतलं, हवेचं तापमान. काळा कातळ त्याहून पुष्कळ अधिक तापतो आणि ती उष्णता खालून अंगावर येते. या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा लागते, काहींना लागतच नाही. मुलांचं अंग लवकर तापतं आणि खेळाच्या नादात ती सांगत नाहीत. म्हणून तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी दोन-चार घोट घ्यायचे, हे काम घरातल्या एका माणसाकडे द्यावं. आमच्याकडे ते भाचीने घेतलं आणि आजीवर अशी काही देखरेख ठेवली की आई म्हणाली, "मला पाळणाघरात घातलंय वाटतं."

पाण्याबरोबर ताक न्यावं, पन्हं न्यावं. मिठा-साखरेचं पाणी घरी करायचं तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा, हे प्रमाण ध्यानात असू द्यावं. मीठ जास्त पडलं तर उपाय होण्याऐवजी अपाय होतो. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही पहिली खूण. तेव्हाच सावलीत आणून, कपडे सैल करून, ओल्या फडक्याने अंग पुसावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, ग्लानी आली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

दुपार घालवायला टाकळी ढोकेश्वरसारखी जागा नाही. कल्याण-नगर हमरस्त्यावरचं हे गाव. डोंगराच्या पोटात ढोकेश्वराचं लेणं आहे, शंकराचं, प्राचीन. थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात, पण आत गेलं की जाड दगडाचं छत आणि गारवा. खांबांच्या सभामंडपात वयस्कर माणसं डोळे मिटून बसतात, भिंतीवरच्या सप्तमातृका मुलं बोटाने मोजतात. चढायची तयारी नसेल तर रस्त्यावरच्या एखाद्या खानावळीत टेकावं. हा सगळा पट्टा मासवडीचा. बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, लसणाचं सारण, वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. उन्हात हे खावं का, असं कुणी विचारील. थोडं खावं, पण खावं. वर ताक प्यावं आणि तासभर आडवं व्हावं.

साडेचारनंतर पश्चिमेला, आळेफाट्याच्या दिशेने निघायचं. आण्याचा घाट उतरला की गुळुंचवाडी येते. इथंही मळगंगेचं देऊळ आहे आणि देवळाच्या जवळच ओढ्यात दगडाची नैसर्गिक कमान आहे, माणसाने न बांधलेला पूल. ओढ्याने आडव्या आलेल्या कातळाला पोटातून पोखरलं, वरचा दगड तग धरून राहिला. पावसाळ्यात खालून पाणी जातं, उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, त्यामुळे कमानीखाली उभं राहून वर पाहता येतं. सकाळी कुंडावर खळग्यांच्या पातळ झालेल्या भिंती पाहिलेल्या असल्या, की इथं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. भाची खाली उभी राहून म्हणाली, "हे म्हणजे मोठं भोक पडलेलं, पण अजून न पडलेलं." यापेक्षा चोख वर्णन मला करता आलं नसतं. निघोजच्या कुंडापासून या कमानीपर्यंत दिवसभरात ज्या ज्या ठिकाणी पाण्याने दगडाला वेगळं रूप दिलं, तिथं तिथं एक देवी बसलेली भेटली. ज्यांनी ही ठाणी निवडली त्यांची नजर भूगर्भशास्त्रज्ञाइतकीच तयार होती.

इथून आळेफाट्याकडे जाताना बोरी बुद्रुक जवळच राहतं, पुन्हा कुकडीच्याच काठी. तिथं नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्याशी निगडित अश्मयुगीन हत्यारंही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो प्रकाशात आणला. अनेकांच्या मते ही राख सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या स्फोटातून उडून इथवर आली. काहींनी तिचं वय याहून बरंच जुनं धरलं आहे आणि तो वाद अभ्यासकांत चालू आहे. काही असो, कुकडीचे गोटे उचलून त्यांची हत्यारं करणारी माणसं या काठाला फार पूर्वीपासून राहत होती. भाचीच्या खिशात निघोजची गारगोटी नव्हती. ती तिने परत खळग्यात ठेवली होती, कारण पुढच्या पुरात तिचं काम बाकी होतं.

संध्याकाळी नारायणगावच्या रस्त्याला रसवंतीगृहाच्या चरकाचे घुंगरू वाजायला लागतात. बर्फ न घालता रस प्यावा आणि पुढे चाकणच्या कोंडीत शिरावं. पुण्याहून शिरूरमार्गे जाऊन नाशिक रस्त्याने परत येण्याचा हा फेरा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा होतो.

या जागांकडून नव्हे, आपल्या व्यवस्थेकडून काही मागणं आहे. खळगे कसे झाले हे मराठीत, चित्रासह सांगणारा एक चांगला फलक घळीच्या प्रत्येक बाजूला हवा. कडेला धोक्याच्या जागी पक्के कठडे हवेत, पण दगडात खिळे ठोकून नव्हेत. बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह हवं. ते नसलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हाचा त्रास सगळ्यांत आधी त्यांना होतो. आणि खळग्यांत पडणारा प्लास्टिकचा कचरा थांबायला हवा. गोटा फिरून खळगा होतो, तिथं आता बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं फिरतात.

गाडी नसली तरी ही सहल होते, फक्त अर्धी करायची. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीने शिरूरला उतरायचं, तिथून निघोजची गाडी किंवा वडाप मिळतं. बायकांना २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवास मोफत, तेव्हा आजी-आजोबांना घरी ठेवायला कारण नाही. अंधारात निघालं तरी सातला पोहोचणं जमणार नाही, आठ-साडेआठ होतील. मग तासाभरात कुंड पाहून घ्यावं, देवळाच्या सावलीत डबा उघडावा आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावं.